आठ नंबरला आठ नंबर दिला आणि गाडी मिसिंग करायला लागली

पावसाळा लागला की या सदराला येणारी निम्मी पत्रं एकाच दुखण्याची असतात, गाडी मिसिंग करतेय (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी मधूनमधून चुकतेय), धक्के मारतेय, सकाळी लवकर सुरू होत नाही. या वेळी पाच पत्रं घेतलीत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण त्यात जे झालंय ते जुनी गाडी असलेल्या कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं.

प्रश्न : मेस्त्री, नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहायला कोल्हापुरात फुलेवाडीत. माझ्याकडं १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. रोजचं फिरणं म्हणजे रंकाळा, मंडई, बँक आणि परत घर, रविवारी कळ्याला शेतावर. गेल्या दिवाळीत स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारे) बदलले. जुने बॉशचे होते, त्यावर डब्ल्यूआर८डीसी असं लिहिलेलं. दुकानात ते शिल्लक नव्हते म्हणून दुकानदारानं एनजीकेचे बीपीआर८ईएस दिले, म्हणाला आठ नंबरला आठ नंबर, काय फरक पडत नाही. बसले पण बरोबर. पण तेव्हापासून गाडी सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही, आणि पाऊस सुरू झाल्यापासून तर पहिली दहा मिनिटं नुसती थडथडते, पन्हाळ्याला गेलो तेव्हा वाघबीळाच्या चढाला अशी धक्के मारायला लागली की मागच्या ट्रकवाल्याला हात दाखवून पुढं जायला सांगावं लागलं. गॅरेजवाल्यानं प्लग काढून दाखवले, तिन्ही काळेकुट्ट. आता तो म्हणतोय प्लग आणि त्यांना करंट नेणाऱ्या वायरी दोन्ही बदला. दुकानात साधे प्लग, प्लॅटिनम आणि इरिडियम असे तीन भाव सांगितले, इरिडियमला साध्याच्या चार-पाचपट पैसे. वायरीत पण लाल रंगाच्या जाड ८ मिमीच्या आहेत, त्यानं पिकप वाढतंय म्हणे. पेन्शनीत बसवायचं आहे, पण गाडीला कमी पडू द्यायचं नाही. कुठलं घेऊ?

उत्तर : गुरुजी, तुम्ही दोन्ही प्लगांचे नंबर लिहून पाठवलेत त्याबद्दल आधी आभार, कारण दुखणं त्या नंबरांतच आहे. तुमच्या दुकानदाराचा आठ नंबरला आठ नंबर हा हिशोब चुकलाय, आणि तो एकटा नाही, अशी चूक मी गॅरेजात बसून कित्येकदा बघितलीय.

प्लगवरचा तो आकडा म्हणजे त्याची हीट रेंज, म्हणजे प्लग आपल्या टोकाची उष्णता हेडकडं (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) किती लवकर सोडतो ते. जो लवकर सोडतो तो थंड प्लग, जो धरून ठेवतो तो गरम प्लग. आता गंमत अशी की सगळ्या कंपन्या आकडे एकाच दिशेनं मोजत नाहीत. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम होत जातो. म्हणजे बॉशच्या ८ ला एनजीकेत जोडीदार साधारण ५, बॉशच्या ७ ला एनजीकेचा ६. तुम्हाला ५ च्या ऐवजी ८ मिळाला, म्हणजे तीन पायऱ्या थंड प्लग. असले थंड प्लग जोरात पळणाऱ्या, सतत तापलेल्या इंजिनांसाठी असतात, फुलेवाडी ते मंडई जाणाऱ्या ८०० साठी नाहीत.

आणि बसला नीट याचा अर्थ बरोबर आहे असा होत नाही. बाकीची अक्षरं बघा की, एनजीकेचा बी म्हणजे १४ मिमीचा आटा, पी म्हणजे चिनी मातीचं टोक पुढं आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, आकड्यानंतरचा ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी. बॉशचा डब्ल्यू पण १४ मिमीचाच, आर म्हणजे रेझिस्टर, डी म्हणजे १९ मिमी आणि टोक पुढं आलेलं, शेवटचा सी तांब्याच्या गाभ्याचा. सगळं जुळतंय, एक आकडा सोडून. म्हणून हाताला काही कळत नाही, पाना बरोबर लागतो, वायर बरोबर बसते, गाडी सुरू पण होते.

प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. ८५० च्या आसपास आणि त्यावर गेलं की उलटा धोका, ठिणगी पडायच्या आधीच ते लालबुंद टोक पेट्रोल पेटवायला लागतं. तुमचा थंड प्लग दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत त्या ४५० ला पोचतच नसणार, त्यात पावसाळी सकाळ, चोक ओढलेला, पेट्रोल जास्त, मग काजळी धरली नाही तर नवल. आणि काजळी म्हणजे कार्बन, त्यातनं वीज वाहते. जो करंट फटीतनं उडी मारायला पाहिजे तो चिनी मातीवरच्या काजळीवरनं गुपचूप बॉडीला निघून जातो. चढाला धक्के का मारते तेही यातच आलं, ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण जातं, दाब वाढतो, दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्ट लागतात, आणि तेवढे व्होल्ट साठायच्या आतच करंट गळून जातो. सपाटीला चालते, वाघबीळाला बसते.

तर तुमच्या तीन भावांचं उत्तर असं की साधा घ्या. बॉशचा तोच जुना नंबर मिळाला तर तो, नाही तर एनजीकेचा ५ नंबरवाला, बाकी अक्षरं तीच. गाडीचं मॅन्युअल असेल तर त्यातला नंबर एकदा ताडून बघा आणि अंतिम तोच धरा, कारण तुमच्या आधीच्या मालकानं काय घातलेलं आपल्याला माहीत नाही. प्लॅटिनम-इरिडियम वाईट नाहीत, इरिडियम २,४४६ अंशाला वितळतं, निकेल १,४५५ ला, म्हणून इरिडियमचं टोक तारेसारखं बारीक करता येतं, ते लवकर झिजत नाही आणि ठिणगीला व्होल्ट पण कमी लागतात. ज्या गाडीत प्लग बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागतं तिथं ते वसूल होतात. तुमच्या गाडीचे प्लग वीस मिनिटांत बदलतात, वर्षाला फिरणं चार-पाच हजार किलोमीटर असेल, आणि कार्बोरेटर जरा जास्त पेट्रोल सोडायला लागला की इरिडियम पण काळाच होणार. चुकीच्या हीट रेंजचा इरिडियम घेतलात तर पाचपट पैसे देऊन हेच दुखणं परत घ्याल, ते मला बघवणार नाही.

पण नवे प्लग घालायच्या आधी जुने तिन्ही एका ओळीत ठेवून बघा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून. तिन्ही सारखेच कोरडे काळे असतील तर प्लग थंड आहेत किंवा पेट्रोल जास्त जातंय, चोकची केबल पूर्ण परत येते का आणि एअर फिल्टर भरलाय का ते बघा. एखादाच ओला, तेलकट काळा असेल तर तिथं तेल अडवणाऱ्या रिंगा नाही तर व्हॉल्व्ह सील गेलंय, त्याला प्लग बदलून उतारा नाही. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय, मिश्रण पातळ आहे (पेट्रोल कमी) नाही तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढं गेलंय. मारी बिस्किटासारखा रंग असेल तर तो सिलिंडर ठणठणीत. अजून एक, चिनी मातीवर बाहेरच्या बाजूला, लोखंडाला चिकटून तपकिरी डाग दिसला तर घाबरू नका, जास्त व्होल्टमुळं हवेतलं तेल-धूळ तिथं चिकटते, त्यानं काही बिघडत नाही. मात्र वरून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर त्या रेघेवरनं करंट बाहेरच्या बाहेर उडतोय, तो प्लग टाका आणि त्या वायरीचं रबर पण तपासा, दोघांवर तीच रेघ उमटलेली असते.

आता वायरी. पहिल्या दहा मिनिटांची थडथड, आणि तीही पावसातच, ही मला एकट्या प्लगांची वाटत नाही. १९९८ च्या वायरी अजून त्याच असतील तर त्यांनी पंचविसाहून जास्त पावसाळे काढलेत हो. रात्री गाडी अंधारात उभी करा, बॉनेट उघडा, इंजिन आयडलला ठेवा आणि झाडांना मारायच्या स्प्रेनं वायरींवर नुसतं पाण्याचं धुकं मारा, धार नाही. हात लांब ठेवा, पंख्याचा पट्टा पण लक्षात असू द्या. गळकी वायर असेल तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात, कधी टिकटिक आवाज येतो, आणि त्याच क्षणी इंजिन अडखळतं. मी ही परीक्षा गिऱ्हाईकाला शेजारी उभं करून दाखवतो, मग वायरी कशाला बदलायच्या हे वेगळं सांगावं लागत नाही. एकेक वायर हातानं उपटून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची जुनी सवय मात्र सोडा, त्या वायरीत १५-२० हजार व्होल्ट असतात, झटका बसला की हात मागं घेताना पंख्यात जातो.

मल्टीमीटर असेल तर वायरी काढून दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीत तो लांबीप्रमाणं वाढतो, लांब वायरीला जास्त, आखूडला कमी, म्हणून आकडे लांबीच्या हिशेबात जुळतात का ते बघायचं. एखादी एकदम भलताच आकडा दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती आतनं तुटलीय. मोजताना वायर जरा वाकवून, हलवून मोजा, तुटका गाभा टेबलावर सरळ ठेवल्यावर कधी कधी बरोबर आकडा दाखवतो आणि गाडीत हादरे बसले की उघडा पडतो.

लाल ८ मिमीची वायर घेऊन पिकप वाढत नाही. जाडी वाढते ती वरच्या इन्सुलेशनची, आत करंट तेवढाच. बरोबर ठिणगी पडणाऱ्या गाडीला अजून जाड वायर घालून काही मिळत नाही, आणि तुमच्या गाडीला जो फरक जाणवेल तो नव्या वायरीचा, लाल रंगाचा नाही. तुम्ही बघायचं ते हे, इन्सुलेशन सिलिकॉनचं आहे का (उष्णतेला आणि ओलाव्याला ते साध्या रबरापेक्षा जास्त टिकतं), सेट तुमच्याच गाडीचा आणि त्याच लांबीचा आहे का, आणि कॉइलपासून (जास्त व्होल्ट तयार करते ती) डिस्ट्रिब्युटरला (तो करंट एकेका प्लगला वाटतो तो) येणारी मेन वायर त्यात आहे का. रीळवरनं कापून, टोपण दाबून करून दिलेल्या वायरी घेऊ नका, लांब झाल्या की एक्झॉस्टवर टेकतात आणि जळतात. वायरीबरोबर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि आतला फिरणारा रोटर पण बदला, फार महाग नसतात, आणि कॅपच्या आतल्या बाजूला केसासारखी चीर असेल तर पावसात ती एकटीच हे सगळं नाटक करू शकते.

बसवताना इंजिन थंड असू द्या, हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतात. आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ पंपानं उडवा, नाही तर ती सिलिंडरमध्ये पडते. वायर ओढताना टोपणाला धरून ओढा, वायरीला नाही, आणि एका वेळी एकच वायर, एकच प्लग, म्हणजे अदलाबदल व्हायचा प्रश्न नाही. नव्या प्लगची गॅप (ठिणगी उडते ती फट) फिलर गेजनं मोजाच, खोक्यावर काहीही लिहिलेलं असू दे, दुकानात एखादा पडलेला असतो. मॅन्युअलमध्ये दिलीय तेवढी ठेवा, वाकवायची ती बाजूची पत्ती, मधल्या टोकाला हात लावायचा नाही. सुरुवातीचे आटे हातानंच फिरवा, हात पोचत नसेल तर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून फिरवा, आटा तिरका गेला तर नळी घसरते आणि हेड वाचतं. वॉशर टेकला की मग पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, त्यात पण अर्ध्याच्या जवळच थांबा. त्याहून जास्त ताकद लावायची नाही.

आणि ते काढलेले ८ नंबरचे प्लग तारेच्या ब्रशनं घासून "स्पेअर" म्हणून डिकीत ठेवू नका. ब्रशचं लोखंड चिनी मातीवर चोळलं जातं आणि काजळीसारखीच करंटला वाट करून देतं. दुकानदाराला दाखवा, नंबर दाखवा, चांगला माणूस असेल तर पुढच्या गिऱ्हाईकाला तरी बरोबर देईल.

प्रश्न : दादा, माझी झेन आहे, १९९७ ची. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगमध्ये एका गॅरेजनं प्लग आणि वायरी बदलल्या, गाडी चालतेय छान, पण आता रेडिओवर सतत टिकटिक येते, रेस दिली की टिकटिक पण वाढते. आकाशवाणीवरच्या सकाळच्या बातम्या ऐकत मी ऑफिसला जाते, आता काही ऐकूच येत नाही. गॅरेजवाले म्हणतात रेडिओ जुना झालाय. राजारामपुरीहून.

उत्तर : ताई, रेडिओ बिचारा बरोबर आहे. रेसबरोबर वाढणारी टिकटिक म्हणजे तुमच्या प्रत्येक ठिणगीचा आवाज रेडिओ पकडतोय. ठिणगी हीच एक छोटी रेडिओ लहर सोडते, ती दाबायला प्लगच्या आत साधारण ५ हजार ओहमचा रेझिस्टर असतो आणि वायरीचा गाभा पण कार्बनचा, अडवणारा असतो. तुम्हाला बहुतेक तांब्याच्या गाभ्याच्या वायरी आणि बिनरेझिस्टरचे प्लग घातलेत. काही जण मुद्दाम घालतात, अडथळा कमी तर ठिणगी मोठी असं समजून, पण तेवढ्या फरकानं रस्त्यावरच्या गाडीला काही मिळत नाही.

प्लग काढायला सांगा आणि नंबर वाचा. एनजीके किंवा बॉशचा असेल तर आकड्याच्या आधी आर आहे का बघा, बीपीआर असायला पाहिजे तिथं नुसतं बीपी असेल तर उत्तर मिळालं. मल्टीमीटर प्लगच्या वरच्या टोकाला आणि मधल्या टोकाला लावला तर रेझिस्टरवाला काही हजार ओहम दाखवतो, बिनरेझिस्टरचा जवळजवळ शून्य. आधी फक्त प्लग बदलून घ्या, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कार्बन गाभ्याच्या किंवा टोपणात रेझिस्टर असलेल्या वायरी. ज्यांची गाडी नंतरच्या काळातली, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली आहे त्यांनी तर हे अजून मनावर घ्यावं, तिथं हा आवाज रेडिओबरोबर कॉम्प्युटरला पण त्रास देऊ शकतो आणि मग गाडी उगाच कुठलेही एरर दाखवते.

प्रश्न : मेस्त्री, आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, २०१९ च्या महापुरात चिखलीत दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन खोलून केलं होतं पण वायरी बाहेरून चांगल्या दिसल्या म्हणून तशाच ठेवल्या. आता मी ती परत रस्त्यावर आणतोय. वायरी चालतील का?

उत्तर : भावा, नाही चालणार. पुराचं पाणी टोपणातनं आत जातं आणि वायरीच्या गाभ्याच्या कडेनं वर चढतं. टोपण मागं सरकवून पितळी टोक बघ, हिरवा नाही तर पांढरा थर दिसेल. बाहेरून रबर नवं दिसतं आणि आतलं टोक कुजलेलं असतं. सगळ्या वायरी, कॅप, रोटर नवं घाल, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडतात-तोडतात ते) आणि कंडेन्सर पण, पॉइंट पॉलिश पेपरनं घासून चालवायची गाडी ही नाही, इतकी वर्षं पडून आहे. डिस्ट्रिब्युटर उघडून खाली गाळ बसलाय का आणि आतली वजनं मोकळी हलतात का ते पण बघ, ती अडकली तर टायमिंग पुढं सरकत नाही आणि मग नवे प्लग घालूनही गाडी मरगळलेलीच राहते.

जुन्या वायरी काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढ. तरी चुकलास तर फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२ आहे, रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते सेल्फ मारून बघायचं आणि त्या दिशेनं वायरी लावत जायचं. पद्मिनीला प्लग घेताना आटे किती लांब आहेत ते जुना प्लग शेजारी ठेवूनच घे. १२.७ च्या जागी १९ मिमीचा गेला तर आत डोकावणाऱ्या आट्यांवर कार्बन बसतो, वाईट वेळी पिस्टनच येऊन धडकतो. १९ च्या जागी आखूड घातला तर ठिणगी खड्ड्यात पडते आणि हेडचे रिकामे आटे कार्बननं भरून जातात, पुढच्या वेळी बरोबरचा प्लग बसतच नाही. आजोबांना माझा नमस्कार सांग, गाडी ठेवलीय हेच फार मोठं काम केलंय त्यांनी.

प्रश्न : प्लग घट्ट करताना आटेच गेले. नवीन हेड घ्यावं लागणार का? इचलकरंजी.

उत्तर : नाही. हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे मोठा आटा पाडून त्यात स्टीलच्या तारेचा नवीन आटा बसवतात. उद्यमनगरात हे काम करणारे हात आहेत, फक्त हेड उतरवून नेलंत तर चांगलं, जागेवर केलं तर बुरादा सिलिंडरमध्ये पडायची भीती असते. जागेवरच करायचं झालं तर टॅपला भरपूर ग्रीस लावून, थोडं फिरवून बाहेर काढून पुसून, असं सावकाश करायला सांगा, आणि प्लग बसवायच्या आधी व्हॅक्युमनं सिलिंडर ओढून घ्या.

प्रश्न : ओम्नी आहे, एलपीजीवर. पेट्रोलवर एकदम बरोबर, गॅसवर टाकली की मिसिंग, आणि परवा कार्बोरेटरकडनं फट्ट असा मोठा आवाज आला. गॅस किटवाला म्हणतो प्लग बघा, प्लगवाला म्हणतो किट बघा. गडहिंग्लज.

उत्तर : दादा, आधी प्लग आणि वायरी बघा, किटवाल्याचं बरोबर आहे. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणून अर्धवट दमलेली वायर पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर उघडी पडते. नवे प्लग घाला, गॅप मॅन्युअलपेक्षा ०.१ मिमीनं कमी ठेवा, वायरींचा सेट आणि कॅप बदला, आणि प्लग पेट्रोलवाल्यांपेक्षा लवकर बदलत जा. एवढं करून मिसिंग राहिलं तर मग किटवाल्याकडं मिश्रण लावून घ्यायला जा. तो फट्ट आवाज मात्र हलक्यात घेऊ नका, ठिणगी चुकली की न जळलेला गॅस इनटेकमध्ये साठतो आणि तिथंच पेटतो, एअर फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबा फुटलेल्या गाड्या माझ्याकडं आल्यात. वायरी बदलेपर्यंत पेट्रोलवरच चालवा, आणि फिल्टरच्या डब्याला आतनं चीर गेलीय का ते आजच उघडून बघा.